तेतरी चाचीचा शब्द

जागेश्वर सरांची डिक्शनरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती ‘एच’पासून सुरू होत होती. मी पाचवीत होते, मला वाटलं छापतानाच चुकलीये. आणि मी काय, मनात आलं की तोंडात आलंच, म्हटलं मोठ्याने. सगळा क्लास हसला.

सर म्हणाले, "ए टू जी टोल्यात राहायला गेलेत. भेटतील तुला हळूहळू."

भेटले खरंच. आमच्या बिहारातल्या जमालपुरात, टोल्यात म्हणजे वस्तीत, अशी घरं आहेत जिथे कॅलेंडरच्या मागे, ट्रंकेत, देवाच्या फळीवर, रेल्वेच्या पासबरोबर पाकिटात त्या डिक्शनरीचं एकेक पान आहे. बाबा रेल्वेच्या कारखान्यात, आम्ही मूळचे भुसावळचे, पण मी जन्मले इथेच, आणि माझ्यासुद्धा खोलीत भिंतीवर एक पान होतं. होतं. आता नाहीये. तेच सांगायचंय मला, आणि आधीच सांगते, हे लिहिताना मी दोनदा उठून तोंड धुऊन आलेय.

सर म्हणजे जागेश्वर तांती. सर कसले, कागदोपत्री कोणीच नाही. मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास. वडील हातमागावर, मग हातमाग गेला, मग सर कारखान्याच्या गेटावर ठेकेदाराकडे लोखंड उचलायला. एकदा कुठल्याशा साहेबाचा बंगला रिकामा करायचं काम होतं, तिथे रद्दीत ही डिक्शनरी पडलेली, इंग्रजी–हिंदी, उशीएवढी जाड. मेमसाहेब म्हणाली घेऊन जा. सरांनी तिला सिमेंटच्या गोणीचं कव्हर शिवलं आणि ठरवलं की रोज एक पान पाठ करायचं. रेल्वेची परीक्षा पास व्हायचीच. पान पाठ झालं, पुढचं, पुढचं. डिक्शनरी पाठ होत गेली आणि परीक्षेचं वय निघून गेलं. ‘एन’पर्यंत आलो होतो तेव्हा उमर संपली, असं ते सांगायचे, हसत सांगायचे. आणि तरी पुढे ‘झेड’पर्यंत गेले! का गेले? मी विचारलं होतं. म्हणाले, "अर्ध्यावर सोडली असती तर तेतरीने मला घरात घेतलं नसतं."

तेतरी चाची म्हणजे त्यांची बायको.

मग पोरं यायला लागली. बंद पडलेल्या तेलमिलच्या ओसरीत क्लास. फळा म्हणजे एक जुनं दार, त्याला जुन्या बॅटरीतलं काळं फासलेलं. आणि सरांची पद्धत एकच होती, शब्दाला माणूस लावायचा. नुसता अर्थ पाठ केला तर तो परीक्षेच्या दिवशी पळून जातो म्हणे, पण माणूस कुठे पळणार, तो तर टोल्यातच राहतो. त्यामुळे ‘स्टबर्न’ म्हणजे हट्टी, म्हणजे रामसखी दादी. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाइलाजाने करणारा, म्हणजे न्हाव्याकडे निघालेला रूदल. ‘जेनेरस’ म्हणजे उदार, म्हणजे मूढी-घुघनी, आपले चुरमुरे आणि चण्याची उसळ, विकणारा गनौरी साव.

"सर, तो कुठे उदार? घुघनी तर चमचाभर घालतो!"

"मिरची मागून बघ. मागायच्या आधी देतो."

डिक्शनरीच्या प्रत्येक पानाच्या कडेला निळ्या पेनाने, मुंगीएवढ्या अक्षरात, ही नावं लिहिलेली. अख्खा टोला होता त्या कडांवर. मेलेले पण, पळून गेलेले पण. मला त्यांनी ‘हेस्टी’ लावला होता. उतावळी. तेव्हापासून जो तो "ए हेस्टी, बघून चाल!" गनौरी सावला माझं खरं नाव आजही माहीत नाही. ऋजुता म्हणता कोणालाच येत नव्हतं, रिजुता म्हणायचे, त्यापेक्षा हेस्टी बरं.

पान फाडून द्यायची पद्धत रूदल भैयापासून पडली. तो पहिला विद्यार्थी. त्याने पहिलं पान, दोन्ही बाजू, इंग्रजीवरून हिंदी आणि हिंदीवरून इंग्रजी, एकही चूक न करता म्हणून दाखवलं. सरांनी बक्षीस द्यायला खिसा चाचपला तर आत अर्धी बिडी आणि घराची किल्ली. मग ते म्हणाले, "पान तुझ्या पोटात गेलं ना? मग पुस्तकात कशाला राहायला पाहिजे," आणि सर्रकन फाडून हातात दिलं. तेव्हापासून तोच नियम. म्हणून दाखवताना सर डोळे मिटून ऐकायचे, त्यांना सगळं पाठच, डिक्शनरी दुसरं कोणीतरी हातात धरून तपासायचं. आणि पान फाडलं की सर त्याच्याकडे बघायचे नाहीत. दिलं ते दिलं. मान वळवूनच द्यायचे, सासरी जाणाऱ्या मुलीकडे बघत नाहीत तसे, असं रूदल भैया म्हणायचा.

मला माझं पान सातवीत मिळालं. ‘एल’चं.

तेतरी चाची क्लास चालू असताना ओसरीच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. तांदूळ निवडत, नाहीतर पालेभाजी चिरत. मी कितीतरी वर्षं समजत होते की तिला आमच्या बडबडीतलं काही कळत नाही. एकदा एक मुलगा ‘पेशन्स’ला अडला, सर डोळे मिटून वाट बघतायत, आणि उंबऱ्यावरून बारीक आवाज आला, "धीरज." सगळे वळून बघायला लागले. ती सुपात बघत होती.

आणि तिचं एक नेहमीचं होतं. महिन्यातून एकदा तरी म्हणायचीच.

"सगळ्या टोल्याला शब्द वाटलेत. त्या गनौरीला पण दिलात. माझा कुठलाय?"

सर म्हणायचे, "तुला शब्द कशाला? तू घरचं माणूस."

"घरच्या माणसाला नसतो?"

"बघू. चांगला सापडला की देतो."

"बघा. तोवर मी म्हातारी होते."

आम्ही हसायचो. म्हणजे ते हसण्यासारखंच होतं तेव्हा.

या वैशाखात तेतरी चाची गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी सातू कालवत होती, हात परातीतच राहिला. मी भागलपूरला हॉस्टेलवर, मला संध्याकाळी फोन आला आणि मी परीक्षेचा विचार न करता दुसऱ्या दिवशी निघून आले. सर फळ्याखाली बसले होते, भिंतीला टेकून. लोक येत होते, बसत होते, सर त्यांच्याकडे न बघता नुसते म्हणत होते, कोण आलं? कोण आहे? मला वाटलं धक्का बसलाय. पण रूदल भैयाने बाजूला नेऊन सांगितलं की दिसत नाहीये त्यांना नीट. काचबिंदू. एक डोळा गेलाय, दुसऱ्याचं खिडकीएवढं उरलंय, आणि डॉक्टर म्हणाले की गेलेलं येणार नाही, आणि उरलेलं किती दिवस ते सांगता येत नाही. दोन वर्षं लपवलं होतं त्यांनी. पाठ होतं ना सगळं. कोणाला कळणार?

श्राद्धाच्या जेवणाला मी वाढायला होते. दही-चूडा म्हणजे दही-पोहे, आणि बुनिया, आपली बुंदी. रामसखी दादी, तीच ती हट्टी, पानावरून उठली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्टर, तिने लिहिलेलं वाचलंस का?"

"काय लिहिलेलं?"

"पोथीत. तुझ्या त्या जाड्या पोथीत."

"दादी, तिला कुठे लिहिता येत होतं."

"का बरं? आम्ही दोघी दुपारच्या शाळेत जात नव्हतो, सामुदायिक भवनात? पाटी घेऊन? मी तिथे झोपायचे. ती लिहायची."

 सर अगदी हळू म्हणाले, "काय लिहिलंय तिने?"

"मला वाचता आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं? मला एवढंच म्हणाली, दादी, सगळ्यांना शब्द दिले त्यांनी, मला काही देत नाहीत, तर मी माझा मीच घेतला. त्याच्या शेजारी लिहून ठेवलाय. त्यांना सापडू दे."

"कधी म्हणाली?"

"झाली खूप वर्षं. मला वाटलं सापडला असेल तुला. रोज तर उघडतोस."

सरांच्या हाताला दही तसंच. सर उठले, चाचपडत आत गेले, डिक्शनरी आणि भिंग घेऊन आले आणि तिथेच पंगतीत बसून पानं उलटायला लागले. उरलंय किती त्यात आता? ‘एस’पासून पुढे. एकेक पान डोळ्याला जवळजवळ चिकटवून. लोक जेवून गेले, पत्रावळी उचलल्या, ते पानंच बघत होते. शेवटी ‘झेड’ आला आणि त्यांनी ती मिटली.

"यात नाही. म्हणजे मी वाटून टाकलं."

मी म्हणाले ना, मला आधी बोलायची सवय आहे. मी पत्रावळींचा ढीग तिथेच टाकला आणि म्हटलं, "सर, मी आणते! सगळी पानं गोळा करते! आता सुट्टीच आहे मला!"

"सगळी? चारशेच्या वर असतील."

"आणते म्हटलं ना!"

त्यांनी माझा आवाज जिथून आला तिकडे तोंड केलं. "हेस्टी, माझ्याकडे वेळ कमी आहे गं. डोळ्यांचा. तिने शिवी लिहिली असेल ना, तरी चालेल मला. पण मला माझ्या डोळ्यांनी वाचायचीये."

मग मी तीन आठवडे तेच केलं. सायकल आणि फोन. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, ‘पान दाखवा’. कडेला, वाकड्या अक्षरात, हिंदीत काही लिहिलेलं आहे का, दोन्ही बाजूंचा फोटो टाका. धडाधड फोटो यायला लागले, आसामातून फौजेतल्या एकाचा, सुरतेतून साड्यांच्या दुकानातल्याचा, एक बाई आता नर्स आहे रांचीला, तिने पान ड्युटीच्या डब्यात ठेवलं होतं, हळदीचा डाग पडलेला. रूदल भैया आता तिकीट खिडकीवर असतो, त्याने मॅट्रिकच्या सर्टिफिकेटमागून ते पहिलं पान काढलं, ते दोन बोटांनी धरलं आणि मला म्हणतो कसा, "हळू, हेस्टी, फाटलं तर तुला ‘अबॅन्डन’ करीन, टाकून देईन." एका मुलाचं पान त्याच्या आईने त्याच्याबरोबर चितेवर ठेवलं होतं. ती म्हणाली, त्याला फार आवडायचं ते. मी तिथून सायकल ढकलत आले.

आणि ज्यांनी हरवलं त्यांना मी बोलले. खूप बोलले. एकाने पानाची पुडी करून त्यात खिळे ठेवले होते, त्याला मी भर बाजारात म्हणाले, "लाज नाही वाटत? सरांनी दिलेलं ते!" त्याने मान खाली घातली. आता त्याची माफी मागायची कशी, कुठल्या तोंडाने, मला कळत नाहीये.

रोज दुपारी मी सरांकडे जायचे.

"आज किती?"

"सतरा."

"आणि?"

"नाही सर."

ते भिंग खाली ठेवायचे. भिंग हातातच धरून बसलेले असायचे नेहमी, मी यायच्या आधीपासून.

तीनशे बारा पानं बघून झाली. त्या दिवशी घरी आले, खूप ऊन, मी फॅनखाली चटईवर आडवी झाले आणि सहज समोर भिंतीकडे बघितलं. माझं पान. मी माझं पान बघितलंच नव्हतं, कारण मला माहीत होतं ना ते, आठ वर्षं बघतेय, त्यावर सरांच्या निळ्या अक्षरांशिवाय काही नाही. स्वच्छ. सगळ्यांत स्वच्छ पान माझंच.

मी उठून बसले.

मला तो वास आला आधी. खरंच सांगते, वास आला. स्ट्रॉबेरीचा. सातवीत माझ्याकडे एक रबर होता, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, मावशीने भुसावळहून पाठवलेला, आणि मी तो कोणाला हात लावू द्यायचे नाही. पान मिळालं त्या दिवशी घरी येऊन मी ते टेबलावर पसरलं आणि कडेला पेन्सिलने कोणीतरी गिरगटलेलं दिसलं. मोठमोठी, एकमेकांवर चढलेली अक्षरं. मला इतका राग आला. एवढं, सरांनी फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवून, पाठ करून मिळवलेलं माझं पान, आणि कुठल्यातरी शेंबड्या पोराने त्यावर हात साफ केला! मी वाचायचा प्रयत्नही केला नाही. मी रबर काढला आणि खोडलं. जीव लावून खोडलं, एक रेघ उरू दिली नाही. फुंकर मारून चुरा उडवला. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन बाजारात गेले आणि लॅमिनेशन करून आणलं.

भिंतीवरून पान काढलं. खिडकीत धरलं. तीन शब्द एकाखाली एक, आणि त्यांच्या शेजारी कागद जरा पांढरा, रबराने छापील अक्षरंसुद्धा किंचित पुसट झालेली. लेडन. लेडल. लेडी. मी तिरपं धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं, मोबाईलचा टॉर्च लावला. पेन्सिल दाबून लिहिलं की कागदावर खोल रेघ राहते ना, ती तरी? पण मशीनच्या गरम प्लॅस्टिकने तीही सपाट करून टाकली होती. मी ब्लेडने प्लॅस्टिक सोडवायला गेले तर कागदाचा कोपरा त्याच्याबरोबर सुटून यायला लागला. सोडलं.

आई आत आली आणि म्हणाली काय झालं, तर मी पान पाठीमागे धरलं.

दोन दिवस मी सरांकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, आणि खरं सांगते, खोटं बोलायचं ठरवून गेले. रस्ताभर पाठ केलं होतं. ‘लेडी’च्या शेजारी तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं सर, तेतरी देवी, फक्त तेवढंच, आता पुसट झालंय. चांगलं वाटेल त्यांना. कोणाचं काय जातंय?

ते ओसरीत उंबऱ्याजवळ बसले होते. माझी चप्पल वाजल्याबरोबर ताठ झाले.

"हेस्टी? धावत आलीस. सापडलं ना?"

"हो सर."

त्यांनी हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी भिंग लावलं, डोळ्याशी नेलं, मग जरा लांब, मग पुन्हा जवळ. मग भिंग ठेवून बोट फिरवायला लागले.

"गुळगुळीत लागतंय."

"लॅमिनेशन केलंय सर."

"कशाला?"

"खराब होऊ नये म्हणून."

"कुणाचं पान हे?"

"माझं."

"बरं. मला दिसत नाहीये, प्लॅस्टिक चमकतंय. तू वाच. काय लिहिलंय?"

"सर, ‘लेडी’च्या शेजारी..." इथपर्यंत आले मी. एवढंच आलं. त्यांनी तोंड इतकं पुढे केलं होतं ऐकायला, आणि अगदी लहान मुलासारखं उघडं होतं ते. "सर, मी खोडलं. सातवीत होते, मला माहीत नव्हतं, मला वाटलं कोणीतरी घाण केलीये, मी रबराने खोडलं सगळं."

गल्लीतून कोणीतरी भांडी वाजवत गेलं. पत्र्यावर कावळा चालत होता त्याचा आवाज येत होता.

"काही आठवतं?"

"एक ‘त’ होता बहुतेक. सुरुवातीला. नक्की नाही सर."

"तेतरी."

"असेल."

"नाहीतर तक्रार." त्यांनी पान पुन्हा चाचपलं. "कुठल्या शब्दाशेजारी?"

"तीन आहेत सर. अक्षरं मोठी होती, तिघांच्या शेजारी पांढरं झालंय. लेडन, लेडल, लेडी."

त्यांनी अर्थ सांगितले नाहीत, मलाही विचारले नाहीत. नुसते ओठ हलले. लेडन म्हणजे ओझ्याने लादलेलं. लेडल म्हणजे करछुल, आपला डाव. लेडी म्हणजे, लेडी.

"मी काय लिहिलंय तिथे? माझ्या निळ्या पेनाने?"

मी वाचलं. "लेडनला मालगाडी. लेडलला गनौरी साव. लेडीला मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण."

"हं."

मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, उंबऱ्याकडे बघून. "मी पाठ करायचो तेव्हा ती डोंगरावरून लाकडं आणायची. मला काम नव्हतं तेव्हा. पहाटे जायची, ऊन चढलं की यायची, डोक्यावर एवढा मोठा बोजा. मी दारातच बसलेलो असायचो पुस्तक घेऊन. ती यायची आणि मी हात करायचो. थांब, आवाज करू नको, अर्धं पान राहिलंय. कारण बोजा टाकला की धाडकन आवाज व्हायचा, माझं विसरायला व्हायचं." त्यांनी प्लॅस्टिकच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ती उभी राहायची. डोक्यावर घेऊन. माझं पान होईपर्यंत. किती पानं झाली असतील अशी? आणि मी लिहिताना काय लिहिलं, तर मालगाडी."

मी म्हणाले, "सर, लेडी पण असेल ना. तिला ते आवडलं असेल."

"असेल."

"सर, मला..."

"घरी जा, रिजुता."

दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पान त्यांच्या मांडीवरच राहिलं, मी मागितलं नाही.

मी भागलपूरला परत आले. ग्रुपवर लिहिलं की पान सापडलं, ते माझंच होतं, आणि मी काय केलं ते. सगळं लिहिलं.  फक्त खिळ्यांच्या पुडीवाल्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते का टाकलं मला अजून कळलेलं नाही. सरांना फोन करायची हिंमत झाली नाही. रूदल भैया सांगायचा मधूनमधून, दुसरा डोळा पण चाललाय, क्लास मात्र घेतात, त्यानेच एक जुनी डिक्शनरी आणून दिलीये, ‘ए’पासून झेडपर्यंत पुरी आहे, सर म्हणतात इतक्या वर्षांनी पुरं पुस्तक हातात आलं आणि आता दिसत नाही.

दिवाळीनंतर छठच्या सणाला मी घरी आले. दरवर्षी तेतरी चाची क्लासच्या सगळ्या पोरांना ठेकुआ, गूळ-कणकेचे तळलेले प्रसादाचे, द्यायची, पदरात झाकून आणायची, मोजून दोन-दोन, आणि मला तीन, कारण ही आपल्या गावाहून लांब आहे म्हणे. मी इथेच जन्मले हे तिला किती वेळा सांगितलं. या वर्षी आईने करायचा प्रयत्न केला. कडक झाले. तेच डब्यात घालून मी तेलमिलवर गेले, म्हटलं दारातूनच ठेवून यावं.

क्लास चालू होता. नवीन पोरं, दहा-बारा, मी कोणाला ओळखत नव्हते. सर फळ्याजवळ बसलेले, डोळे उघडे, पण आता उघडे काय आणि मिटलेले काय. उंबऱ्याच्या वर, चौकटीला सुतळीने माझं पान बांधलं होतं. वाऱ्याने हलत होतं, प्लॅस्टिक चौकटीवर टकटक करत होतं. मी उंबऱ्यावर बसले. तिथे कोणी बसत नसावं, कारण मी बसल्याबरोबर सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

एक मुलगी रूदल भैयाने दिलेली डिक्शनरी धरून शब्द वाचत होती, सर माणूस सांगत होते, पोरं वहीत लिहीत होती. ‘लॅक’ म्हणजे उणीव, कमतरता, माणूस आपल्या टोल्यातला नळ. नळ माणूस कुठंय सर? सकाळी त्याच्याशी जेवढे लोक बोलतात तेवढे माझ्याशी बोलत नाहीत, लिही. पोरं हसली. ‘लॅडर’ म्हणजे शिडी.

मग ती मुलगी म्हणाली, "लेडन. लादलेला, ओझ्याने भरलेला. याचा माणूस कोण सर?"

"पुढचे दोन पण वाच."

"लेडल. करछुल. लेडी. म्हणजे... भली बाई, घरंदाज बाई."

"तिघांचा माणूस एकच. तेतरी देवी. लिहा."

"तीन शब्दांना एकच कसा सर? तुम्ही तर म्हणता एका शब्दाला एक."

"तिने कुठला घेतला ते मला माहीत नाही. म्हणून तिन्ही."

"मग तिलाच विचारा ना."

सरांनी उंबऱ्याकडे तोंड केलं. कोण बसलंय ते त्यांना कळलं असेल का?  डब्याचं झाकण माझ्या हातात वाजलं होतं थोडं.

"विचारत होती ती मला," ते म्हणाले. "लिहा. पुढे जाऊ."

माझ्या पायाशी एक छोटी मुलगी बसली होती, पहिली-दुसरीतली असेल, पोरांबरोबर नुसती आलेली. तिला ‘देवी’ला वेलांटी कुठून द्यायची ते कळेना. तिने तीनदा गिरवलं, अक्षरं एकमेकांवर चढली, ओळ सोडून खाली गेली. मग तिने जीभ बाहेर काढून वही जवळ घेतली आणि कंपासपेटीतून रबर काढला.

मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला गेला, ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "राहू दे तसंच."